एनआयएसएम पास!

झाली एकदाची! एनआयएसएमच्या (शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) म्युच्युअल फंड वितरकांच्या परीक्षेतून आज सुटले. १०० प्रश्न, १२० मिनिटं, पासिंगला ५० गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही; म्हणून लोक हलक्यात घेतात. पण ‘खालीलपैकी कोणतं विधान चुकीचं?’ हे प्रश्न घाम फोडतात हं. एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत), एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्यास कापलं जाणारं शुल्क) यांची गणितं सोपी. छळलं ते करांनी. इक्विटी फंडाच्या, म्हणजे शेअर्समध्ये पैसे गुंतवणाऱ्या फंडाच्या, दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, पुढे १२.५ टक्के, आणि जुन्या नोट्समध्ये अजून १ लाख आणि १० टक्केच!

सबमिट दाबल्यावर निकाल लगेच स्क्रीनवर. तेवढ्यात सगळे देव आठवून झाले.

आता अ‍ॅम्फीकडे (म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडे) एआरएनचा, म्हणजे वितरकाच्या नोंदणी क्रमांकाचा, अर्ज. सासूबाई विचारतायत, “मग माझी एफडी मोडू का?” अहो आई, थांबा, आधी तुमची जोखीम घ्यायची तयारी तपासू!