तुम्ही विचारलंत म्हणून: "अजून चालवतेस?"

सायकलबद्दल हा प्रश्न विचारताना लोक माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, उजव्या खांद्याकडे बघतात. ब्लाउजचा गळा जरा मोठा असला की तिथला व्रण दिसतो, साधारण बोटभर लांब, आणि मग लग्नाच्या पंगतीत मावशी विचारते, लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे काका विचारतात, ऑफिसातली परवा जॉइन झालेली मुलगी विचारते. अजून चालवतेस? म्हणजे त्यानंतरही? आणि फेब्रुवारी-मार्च आला की शेपूट जोडलं जातं, "तेही एवढ्या उन्हात?"

हो. चालवते. इतके दिवस मी "सवय झालीये हो" म्हणून हसून न्यायचे, नाहीतर बीपी, शुगर, वजन असलं काहीतरी पुढे करायचे, कारण तब्येतीचं नाव काढलं की आपल्याकडे समोरचा गप्प बसतो. पण ते खरं नाहीये. माझं वजन सायकल सुरू केल्यापासून दोन किलोंनी वाढलंय, कारण राइडवरून आल्यावर मी जे खाते ते बघितलं तर तुम्ही वेगळाच प्रश्न विचाराल. तर आज एकदाच सगळं लिहिते, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

आधी उन्हाचं मिटवू. पुण्यात सगळे म्हणतात सायकल चालवावी तर डिसेंबरात. चालवा बापडे. डिसेंबरात पहाटे बोटं बधिर होतात, ब्रेक दाबला की नाही ते कळत नाही. पावसाळ्यात खड्डा कुठला आणि डबकं कुठलं याचा जुगार. फाल्गुनात मात्र पहाटे साडेपाचला निघालं की खडकवासल्यापाशी धरणावरून असा गार वारा येतो की अंगावर काटा येतो, चौपाटीवरच्या टपऱ्या अजून ताडपत्रीखाली झोपलेल्या असतात, आणि पावणेसातच्या पुढेमागे सूर्य वर आला की डोंगर एकदम तपकिरी, वाळका, काही म्हणजे काही उरलेलं नाही असा दिसतो, आणि त्या वाळक्यात मधेच पळस पेटलेला असतो. पांगारा असतो. कुसुंबाची नवी पालवी असते, लालभडक, ती लांबून फुलंच वाटते, मलाही पहिली दोन वर्षं फुलंच वाटायची. गाडीतून हे दिसतं, नाही असं नाही, पण आंब्याच्या मोहोराचा वास काचेआड येत नाही आणि मोटारसायकलवर तो येतो तोवर झाड मागे गेलेलं असतं. चढावर माझा स्पीड ताशी सात. भुंगा मला ओव्हरटेक करून जातो. सातच्या स्पीडला वास पुरतो.

आणि अकरापर्यंत घरी यायचं, एवढं साधं आहे. उशीर झाला तर मात्र भोगायचं, ते मी नाकारत नाही. डांबराचा वास यायला लागतो, बाटलीतलं पाणी चहासारखं होतं, काळ्या जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. दुपारी पौडकडे तोंड करून जात असाल तर समोरून पश्चिमेचा वारा असा छातीवर बसतो की सपाटीवर चढाचा गिअर टाकावा लागतो. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं या समजुतीनं लावलेले वणवे, त्याचा धूर घशात, दोन दिवस काळं थुंकायचं. कुंपणाला घातलेल्या बाभळीचे काटे वाळून रस्त्यावर येतात आणि पंचवीस एमएमच्या टायरमधून असे आत जातात जसे काही त्याच कामासाठी उगवले होते. एका रविवारी मी तीन ट्यूब फाडल्यात, तिसऱ्या वेळी रस्त्याच्या कडेला बसून टायर लिव्हर फेकून दिला होता, मग तो शोधण्यात वीस मिनिटं. साताऱ्याच्या रस्त्याला उसाच्या डबल ट्रॉल्या, मागे एक लाइट असेल तर शपथ. सॅडलनं कुठे काय सोलवटतं ते इथे लिहीत नाही, खोबरेल तेल हा त्यावर उपाय नव्हे एवढंच सांगते, पॅडेड शॉर्ट घ्या आणि तिच्या आत काही घालू नका, हे मला सांगायला कोणी नव्हतं.

आता पडण्याचं.

२०२२ चा मार्च, होळीच्या आधीचा रविवार. त्याच आठवड्यात ८ मार्चला सोसायटीच्या हॉलमध्ये महिलादिनानिमित्त मी भाषण केलं होतं. "सायकलनं मला निर्भय केलं", "सायकल म्हणजे माझं ध्यान" वगैरे. टाळ्या पडल्या, एक रोपटं मिळालं. भाषण करणाऱ्या त्या बाईला आता मी भेटले तर हातातलं रोपटं काढून घेईन. ध्यान कसलं डोंबलाचं, मी पूर्ण वेळ समोरच्या स्क्रीनवरचे आकडे बघत असायचे, गेल्या रविवारपेक्षा किती मिनिटं कमी, स्ट्राव्हा ॲपवर कोणी किती किलोमीटर मारले.

आम्ही पाच जण होतो. खडकवासला, डोणजे, खानापूर, तिथून डावीकडे पाबे घाट चढून वेल्हे, मग मार्गासनीवरून नसरापूर आणि कात्रजच्या जुन्या घाटानं घरी. शंभरच्या वर जातं. तो मार्च पुढे हवामान खात्याच्या नोंदीत १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात तापलेला मार्च ठरला, आम्हाला तेव्हा एवढंच कळत होतं की सकाळी आठलाच चटका बसतोय आणि लवकर उरकायला हवं. ग्रुपमध्ये एक नवीन मुलगा होता, चोवीस-पंचवीसचा, हाडं आणि चेन एवढंच वजन. मला ग्रुपमध्ये सगळे ताई म्हणतात. घाटात तो माझ्या शेजारून बसल्या-बसल्या, सॅडलवरून न उठता, पुढे गेला आणि जाता जाता म्हणाला, "काकू, मस्त चढताय!"

मला माहितीये की तो कौतुकच करत होता. तेव्हाही माहिती होतं. मी सेहेचाळीसची, त्याची आई माझ्याहून लहानसुद्धा असेल, म्हणजे काकू हा शब्द तंतोतंत बरोबर होता. पण तो मला खिंडीपर्यंत टोचत राहिला. वर पोचले तर समोर तोरणा, राजगड, बाकीचे सगळे फोटो काढतायत, तो मुलगा एक केळं खाऊन उताराला लागलासुद्धा. मी थांबले नाही. पाणीसुद्धा प्यायले नाही. चढावर नाही तर नाही, उतारावर वजन माझ्या बाजूनं आहे, हा हिशोब मी खरंच डोक्यात केला होता.

उजवं वळण होतं, सावलीतलं. रस्त्याच्या कडेला काटेसावरीचं मोठं झाड. तिची फुलं बघितलीत ना कधी हातात घेऊन? पाकळी नसते ती, चामडं असतं, जाड, मांसल, आतून रस. बुलबुल, साळुंक्या, कावळे सगळे तो प्यायला येतात आणि निम्मी फुलं खाली पाडतात. ती रस्त्यावर पडलेली, वरून जीपची चाकं गेलेली, सगळ्याचा लालसर चिखल झालेला. मला तो दिसला. सावर फुललीये हे मनात येऊन गेलं, छान वाटलं, आणि त्याच्या पुढच्याच क्षणी पुढचं चाक गेलं. घसरलं असंसुद्धा नाही म्हणता येणार, घसरायला वेळ लागतो. होतं आणि नव्हतं. मग उजवा खांदा, मग हेल्मेट, मग बराच वेळ डांबर.

आवाज आठवतो. वाळकी काटकी गुडघ्यावर मोडतो तसा, पण आतून, कानाच्या मागून. उजवा बूट पेडलमधून सुटला होता, डावा नाही, त्यामुळे सायकल माझ्या डाव्या पायाला लटकून अंगावर. आणि मी पहिली गोष्ट काय केली? पडलेले सायकलवाले "सायकल कशी आहे" विचारतात म्हणतात, ते तरी बरं, त्यात प्रेम असतं. मी डावा हात लांब करून हँडलवरचा गार्मिन, म्हणजे ते आकड्यांचं मीटर, पॉज केला. म्हणजे ॲव्हरेज पडू नये. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

वरच्या बांधावरून दोन बायका उतरल्या, भाताच्या रोपांसाठी राब भाजायला पालापाचोळ्याचे भारे घेऊन चालल्या होत्या. एकीनं भारा तिथेच टाकला. "आगं बया, बाई हाय ही!" हेल्मेटमुळे त्यांना आधी पोरगाच वाटला होता. उठायला लागले तर "उठू नगं, उठू नगं" करून मला खाली दाबलं, पायातून बूट सोडवायचा प्रयत्न केला, पेडलमध्ये अडकणारी बुटाखालची क्लीट कशी फिरवायची ते मी सांगत होते आणि त्या दोघी मिळून माझा पाय पिरगाळत होत्या. मग मोठीनं डोक्यावरची चुंबळ काढली, उलगडली, जुन्या हिरव्या लुगड्याची लांब पट्टी होती ती, आणि माझा हात छातीशी अशी घट्ट बांधली की नंतर कॅज्युअल्टीत विचारलं, हे कोणी बांधलं, बरोबर बांधलंय. पट्टीला धुराचा आणि खोबरेलाचा वास होता. बांधता बांधता म्हणाली, "कुठं चाललीवतीस एवढ्या घाईनं?"

मी म्हटलं, घरी.

"मग घर सोडून आलीस कशाला?"

तो मुलगा घाट परत चढून वर आला. पांढराफटक. "काकू, काकू, ऐकू येतंय का?" आणि काय सांगू, तेव्हा तो शब्द इतका बरा वाटला की मला रडू आलं, तोवर आलं नव्हतं.

दुधाच्या पिकअपमधून आणलं मला, सायकल मागे कॅनांच्या मधे. खडकवासल्यापर्यंत स्पीडब्रेकर किती आणि रंबलरचे पट्टे किती हे तुम्हाला माहिती नसेल, मला आहे, कारण प्रत्येक पट्ट्याला हाडाची दोन टोकं एकमेकांवर घासत होती आणि ते नुसतं जाणवत नव्हतं, ऐकू येत होतं. ड्रायव्हर बिचारा इतका हळू घेत होता की मागचे हॉर्न मारून शिव्या देत होते. एक्स-रेत कॉलरबोनचे तुकडे एकावर एक चढलेले, म्हणून नुसत्या झोळीवर भागणार नव्हतं, प्लेट घातली. सहा आठवडे हात गळ्यात. वेणी मुलीनं घातली, रोज, कॉलेजला उशीर होत असताना, न बोलता. ते न बोलणं प्लेटपेक्षा जड होतं.

सगळ्यांना सांगितलं कुत्रं आडवं आलं. डॉक्टरांना, नवऱ्याला, आईला. फुलांवरून पडले हे सांगायची लाज वाटली, आणि काकू म्हटल्याचा राग आला म्हणून पडले हे तर कुठल्या तोंडानं सांगणार. नवरा त्या दिवसांत सोसायटीच्या कुत्र्याला नेहमीसारखी बिस्किटं घालायचा आणि मी खिडकीतून बघून म्हणायचे, काय मन आहे या माणसाचं. आठ महिन्यांनी एकदाचं खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला त्या मुलानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." बस. पुढे काही नाही. मग उठून चहा टाकला.

आता तुमचा प्रश्न. उत्तर असतं तर पहिल्या ओळीत दिलं नसतं का? "पडलं तरी उठायचं" हे मला लावू नका, मी शूर नाहीये. शूर असते तर उतारावर ब्रेक दाबून दाबून माझी बोटं दुखली नसती. पूर्वी उतार म्हणजे चढाचा पगार वाटायचा, आता उतार म्हणजे दंड. मुलगी म्हणते, मग टेकडीवर चालायला जा ना, तिथेही फुलं असतात. ती चूक नाहीये. मी गेले दोनदा. फुलं होती. पण पायाखाली काही फिरत नव्हतं, आणि वर पोचल्यावर नसरापूरच्या अलीकडच्या रसवंतीचे घुंगरू ऐकू येणार नव्हते, बर्फ न घातलेला, आलं-लिंबू मारलेला ग्लास, तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलं की मांड्या आपोआप थरथरतात आणि कोणी काही विचारत नाही. हे कारण पुरेसं आहे का? हाड मोडण्याएवढं? घरच्यांची झोप मोडण्याएवढं? नाहीये. मला मान्य आहे. नवरा म्हणतो, "जा, फक्त मला उठवू नकोस", आणि मी पाचला दबक्या पावलांनी बाहेर पडते, आणि फोनवर माझं लोकेशन त्यानं सव्वापाचपासून बघितलेलं असतं. हे मला माहितीये. हे माहिती असून मी जाते. यावर तुम्ही जे म्हणाल ते मी स्वतःला आधीच म्हणून झालंय, बहुतेक वेळा खडकवासल्याच्या पुढे, जिथून परत फिरणं अजून सोपं असतं.

परवाच्या रविवारी परत पाबे घाटात गेले होते. एकटी. घरी सिंहगड पायथा सांगितलं होतं, तेही आता इथे वाचतील. सावर यंदाही तशीच, एक पान नाही, नुसती लाल, खाली तसाच सडा. मी वळणाच्या आधीच उतरले आणि सायकल हातात धरून चालत निघाले, उताराला क्लीटवर चालणं म्हणजे बदकासारखं, टक टक टक, टाचेवर भार देत, कडेकडेनं. मागून एक पोरगा सायकलवरून सुसाट आला, मला बघून ब्रेक मारत ओरडला, "पंक्चर का?"

हो म्हटलं.