सँडबॅचचा वाडा, आणि आईचा चहा

आईला पबमध्ये न्यायचं म्हणजे पब हा शब्दच तोंडातून काढायचा नाही. तरी तिला वास लागलाच. "गुत्त्यात मी यायची नाही हं," मँचेस्टरहून गाडी सुटतानाच तिनं बजावलं. मी म्हटलं, अगं, जुना वाडा बघायचाय. ते काही खोटं नव्हतं.

सँडबॅच हे इंग्लंडच्या चेशर परगण्यातलं छोटं गाव. स्टेशन बाहेर एल्वर्थला, तिथून गावात पोचायला दीडेक मैल चालायचं. गुरुवार मुद्दाम साधला होता, कारण बाजार गुरुवारी भरतो. इथले जमीनदार सर जॉन रॅडक्लिफ यांनी १५७९ साली पहिल्या एलिझाबेथ राणीकडून बाजाराची सनद मिळवली, तेव्हापासूनचा हा वार. चौकातल्या गोट्यांच्या फरसबंदीवर दोन उंच सॅक्सन क्रूस आहेत, साधारण नवव्या शतकातले. सतराव्या शतकात कडव्या धर्मसुधारकांनी ते पाडले, तुकडे पांगले. १८१६ मध्ये जॉर्ज ऑर्मरॉड या इतिहासकाराच्या देखरेखीखाली ते गोळा करून पुन्हा जोडले गेले. जोड स्पष्ट दिसतात. न लपवल्यामुळेच ते मला आवडले.

आणि हाय स्ट्रीटवर तो वाडा, ओल्ड हॉल. आधीच्या गढीच्या जागी १६५६ मध्ये बांधलेला. त्याच्या पाचच वर्षं आधी, सप्टेंबर १६५१ मध्ये, इंग्लंडच्या यादवीत वूस्टरची लढाई हरलेले हजारभर स्कॉटिश घोडेस्वार डेव्हिड लेस्ली या सेनापतीच्या मागे उत्तरेकडे पळताना नेमके इथल्या जत्रेत घुसले. गावकरी त्यांच्यावर तुटून पडले. दमलेल्या सैन्याला बाजारातल्या लोकांनी झोडपलं, शंभरेक जण पकडले गेले म्हणतात. त्या मैदानाला अजून स्कॉच कॉमनच म्हणतात. तिथे आता गाड्या लावतात, इतकी साधी जागा आहे ती.

वाडा काळा-पांढरा. ओकच्या जाड तुळयांचा सांगाडा आणि मधल्या चौकटी चुन्यासारख्या पांढऱ्या. अशा घरांत चौकटी भरायची जुनी रीत मी आईला सांगू लागलो: काठ्या विणायच्या, त्यावर माती, काड आणि शेण कालवून लिंपायचं. तिनं मला मध्येच तोडलं. "मग कूडच की रे! आमच्या संगमेश्वरच्या गोठ्याला होता." एवढ्या पायपिटीनंतर पहिल्यांदाच तिचा चेहरा खुलला. हा वाडा इंग्लंडच्या वारसा-यादीत पहिल्या श्रेणीत आहे, म्हणजे यादीतल्या शंभरातल्या जेमतेम अडीच वास्तूंच्या रांगेत. हे ऐकून ती म्हणाली, "गोठ्याला कुणी श्रेणी दिली नाही."

मालकांचं घर, मग हॉटेल, मग काही वर्षं बंद आणि पडझड, आणि दुरुस्ती होऊन २०११ पासून पब. माझं मत विचाराल तर पब झाला म्हणून तो वाचला. रोज कुणी राबतं असलं की गळकं छप्पर वेळेवर कळतं. पुण्यातले बंद वाडे बघा.

आत भिंतींना जुन्या लाकडी फळ्या, सतराव्या शतकातल्या शेकोट्या, एका कोपऱ्यात कुत्रं, दुसऱ्यात पेपर वाचणारे आजोबा. आई टेबलाशी ताठ बसून वेटरची वाट बघत राहिली. पेय स्वतः काउंटरवर जाऊन आणायचं, हे मी तिला जरा उशिरानेच सांगितलं. माझ्यासाठी तळघरातून हातपंपाने ओढलेली एल नावाची बिअर, फार गार नसलेली. तिच्यासाठी चहा. "गुत्त्यात चहा मिळतो?" असं म्हणत तिनं दोन कप संपवले.

निघताना तिनं बोटाच्या पेरांनी तुळई ठोकून पाहिली. "वाळवी नाही लागलेली."

वाळवी इथे नाही, मी म्हटलं, पण जुना ओक पोखरणारा एक भुंगेरा आहे. जोडीदाराला बोलवायला तो लाकडावर डोकं आपटतो, अशीच टकटक.

आईनं पटकन हात मागे घेतला.