तुम्ही विचारलेत म्हणून : मास्तरकीत चित्रकार वाया गेला का?

निवृत्तीच्या समारंभात हा प्रश्न मला व्यासपीठावरून विचारला गेला. त्याआधी तो पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर मिरज स्थानकाच्या फलाटावर, गाडी येत असताना, विचारून झाला होता. शब्द थोडेफार बदलतात, आशय एकच असतो : "सर, मुंबईला जाऊन एवढे शिकलात आणि सगळी हयात शाळेत घातलीत. तुमच्यातला चित्रकार वाया गेला असे वाटत नाही का?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा कळवळाच असतो, म्हणून मी आजवर हसून वेळ मारून नेत आलो. आता मात्र मला वेळच वेळ आहे, तेव्हा नीट उत्तर देतो.

आधी हिशेब मांडतो. मी छापचित्रकार आहे, म्हणजे पत्र्यावर, लिनोवर किंवा लाकडावर चित्र कोरून त्याच्या कागदावर प्रती काढतो; अशा एका कोरलेल्या चित्राला मी ठसा म्हणतो. १९८७ ते २०१८ या ३१ वर्षांच्या नोकरीत माझे पुरे झालेले ठसे ६४ आहेत. माझ्याच वर्गातला एक मित्र मुंबईत राहिला आणि त्याने तेवढे ठसे पहिल्या दहा वर्षांतच केले. या आकड्यांवर बोट ठेवून कोणी मला वाया गेलेला म्हटले तर मी वाद घालणार नाही. फक्त माझी वर्षे कोणी खाल्ली हे सांगताना लोक जे शाळेचे नाव घेतात, ते मला पटत नाही.

सर ज. जी. कला महाविद्यालयात मी मुद्राचित्रण, म्हणजे हीच छापचित्रांची कला, शिकलो. जस्ताच्या पत्र्यावर मेण, डांबर आणि राळ यांचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने रेघ ओढून तेवढा धातू उघडा करायचा, पत्रा नायट्रिक आम्लात ठेवायचा आणि आम्लाने खाल्लेल्या रेघेत शाई भरून ओल्या कागदावर दाबाखाली ती उचलायची, असे हे एचिंगचे काम आहे. भारतीय छापचित्रकार कृष्णा रेड्डी यांनी पॅरिसला इंग्रज छापचित्रकार हेटरच्या 'आतलिए १७' या कार्यशाळेत एकाच पत्र्यावर कमीजास्त दाटपणाच्या शाया कठीण आणि मऊ रुळांनी चढवून अनेक रंग एका दाबात उमटवले होते. ते ऐकून आमच्यापैकी प्रत्येकाला पॅरिसची स्वप्ने पडत असत, आणि मीही त्याला अपवाद नव्हतो. पण वडील आजारी पडले आणि मी मिरजेला परतलो. परतलेला रंगचित्रकार घरातल्या खिडकीपाशी बसून चित्र रंगवू शकतो. छापचित्रकाराला यंत्र लागते, आणि ते यंत्र गावातच काय, जिल्ह्यातही कोणाकडे असल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. पहिली अडीच वर्षे मी नुसते पत्रे कोरून ठेवले. ते छापून कसे दिसतील हे मला कळायला मार्ग नव्हता.

यंत्राची कल्पना मला रसवंतीगृहात सुचली. उसाच्या चरकात रूळ असतात आणि त्यांच्यामधून ऊस पिळून निघतो. एचिंगच्या यंत्रातही रूळच असतात, दोन, फक्त त्यांच्यामधून उसाऐवजी एक सपाट पोलादी पाट सरकतो. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याला आराखडा दाखवला. त्याने तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि विचारले, "यातून रस कसला काढणार?" तरीही त्याने जाड नळीचे रूळ कातून दिले. भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून मी ते यंत्र १९९० च्या दिवाळीत घरी आणले. एकट्याने ते जिन्यावरून वर नेणे अशक्य होते, म्हणून नववीची आठ मुले आली आणि यंत्राला पहिला हात त्यांचाच लागला.

रूळ आणि कागद यांच्यामध्ये नमदा, म्हणजे दाबून केलेले लोकरीचे जाड कापड, घालावा लागतो, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो आणि कागद रेघेत शिरतो. माझ्याकडे नमदा नव्हता. आजोबांची धनगरी घोंगडी होती, तीच चौघडी करून घातली. पहिली प्रत कृष्णाघाटाची होती. कागद सोलून उचलला तेव्हा घाट उत्तम उतरला होता, पण मोकळे सोडलेले सगळे आकाश घोंगडीच्या विणीने भरून गेले होते. त्यात एकेक धागा मोजता येत होता. मी वैतागलो, मुलांना मात्र ते फारच आवडले. "सर, पाऊस पडायला लागलाय," असे एकजण म्हणाला. पुढे मुंबईहून नमदा आणला आणि तो खाली घालून घोंगडी त्याच्यावर टाकू लागलो. आजही ती तिथेच असते. ती विणीची प्रत मी टाकून दिली नाही, पण ६४ मध्ये धरलेलीही नाही.

शाळेने मला काय दिले, याचे खरे उत्तर या यंत्राभोवती आहे. हे यंत्र दोघातिघांनी चालवायचे असते. एकजण शाईने माखलेले हात घेऊन पत्रा पुसतो, दुसरा स्वच्छ हातांनी ओला कागद टिपकागदांतून काढून पत्र्यावर ठेवतो, तिसरा चाक फिरवतो. मोठ्या शहरात यासाठी स्टुडिओ असतो, सहकारी असतात. मला हे हात शाळेने दिले. माझ्या ६४ पैकी निदान ५० ठशांच्या प्रती रविवारी सकाळी मुलांच्या मदतीने निघाल्या आहेत.

वर्गात यंत्र नव्हते, तसे ते लागतही नव्हते. चित्रकार चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीच्या छोट्याशा जागेत राहून लिनोकट करत असत, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगत असे. कोरलेल्या लिनोवर शाई फिरवून कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घोटायचे, की छाप तयार होतो. लिनोलियम जवसाच्या तेलापासून करतात हे ऐकून मुलांना नवल वाटे, पण आमच्या बाजारात ते मिळत नव्हते. आम्ही चपला करणाऱ्यांकडून सोलच्या रबराचे तुकडे आणून त्यावर कोरीत असू. सातवीतल्या एका मुलीने त्यावर मोठ्या मेहनतीने 'आई' असे कोरले आणि छापल्यावर ते उलटे आलेले पाहून ती रडायला लागली. छाप उलटा येतो हे मी आधीच सांगितले होते, पण सांगणे आणि कळणे यांत अंतर असते.

मग मी एका बंद पडलेल्या छापखान्यातल्या कंपोझिटरना वर्गात बोलावले. ऑफसेट छपाई आल्यावर त्यांचे अक्षरे जुळवण्याचे काम सुटले होते. त्यांनी खिशातून शिशाच्या खिळ्यांची, म्हणजे छापायच्या सुट्या अक्षरांची, जुळवलेली एक ओळ काढली आणि ती उलटी अक्षरे, कुठेही न अडखळता, वर्तमानपत्र वाचावे तशी वाचून दाखवली. काना वेगळा, मात्रा वेगळी, रफार वेगळा, असा एकेक तुकडा त्यांनी मुलांच्या तळहातावर ठेवला. पन्नास मुलांचा तो वर्ग मी तेवढा शांत पुन्हा कधी पाहिला नाही. पुढची सहा वर्षे, प्रकृती साथ देईपर्यंत, ते दर शनिवारी येत राहिले. मानधन नव्हते, चहा होता. त्या मुलीने नंतर आरशात बघून पुन्हा कोरले. तो ठसा तिने मला कधी दिला नाही, तो तिच्या घरीच आहे.

हे सगळे ऐकायला गोड आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. चित्रकलेचा तास हा शाळेच्या वेळापत्रकातला हक्काचा मोकळा कोपरा समजला जातो. गणिताचा अभ्यासक्रम राहिला की तो तास जातो, स्नेहसंमेलन जवळ आले की जातो, आणि फलक रंगवायला मात्र कलाशिक्षक हवा असतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असे सारे असते, पण ठसा नसतो. दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून माझे वर्ग भरले आणि रबर कोरण्याचे तास आटले. पालकांना मी दोष देत नाही. गुणांची सोय असताना कोणी चमच्याने कागद घोटत बसावे, असे त्यांना पटवणे मला जमले नाही.

माझे एचिंग मात्र त्याच्या कितीतरी आधीच गेले होते. घर लहान होते, म्हणून मी शाळेच्या मागच्या व्हरांड्यात आम्लाचे ताट ठेवून काम करीत असे. १९९४ च्या उन्हाळ्यात, सुटी असतानाही क्रिकेट खेळायला आलेल्या मुलांचा चेंडू ताटावर आपटला आणि आम्ल शहाबादी फरशीवर सांडले. शहाबादी म्हणजे चुनखडीच, ती लागलीच फसफसली. सुदैवाने जवळ कोणी नव्हते. पाणी आणि सोडा ओतून मी ते निववले, आणि त्याच संध्याकाळी आम्लाची बाटली कायमची बंद केली. मला कोणी सांगितले नव्हते, कोणी रागावलेही नव्हते. फरशीवरचा खड्डा अजून आहे. माझे सर्वात चांगले उतरलेले एचिंग तेच, असे मी चेष्टेने म्हणतो. त्यानंतर मी लिनो, लाकूड, पुठ्ठ्याचे ठसे आणि नुसत्या सुईने ओरखडलेले पत्रे यांवर राहिलो. तेव्हा वाया काय गेले, असे विचाराल तर नेमके हे गेले.

अर्ज-विनंत्यांचे जे काम लोक 'कलेची चळवळ' म्हणून माझ्या खात्यावर मांडतात, ते याच व्हरांड्यातून निघाले. गावात एक अशी खोली असावी, जिथे यंत्र, पाणी, हवा आणि कुलूप असेल आणि कोणालाही येऊन छापता येईल, एवढीच मागणी होती. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात मी नेहमी लिहीत असे, की पटवर्धनांच्या या मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. त्याच वर्षी तिकडे बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीने मराठीचे व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले, म्हणजे आपल्या लिपीची छपाई जिथे रांगायला लागली त्या मोजक्या जागांपैकी हे एक गाव आहे. एका कार्यालयात हा परिच्छेद शांतपणे वाचून झाल्यावर साहेबांनी विचारले, "पण छपाई तर बाजारात होते ना?" असे अर्ज अकरा वर्षे केले. स्मारक मागितले असते तर कदाचित लवकर मिळाले असते, कारण स्मारकाला वीज आणि पाणी रोज लागत नाही.

खोली शेवटी दिली ती एका तंतुवाद्य कारागिराने. त्याच्या कारखान्यामागची ही जागा आहे, आणि छताला पंढरपूरकडून आलेले तंबोऱ्याचे भोपळे वाळत टांगलेले असतात. खाली आमचे यंत्र आहे. शेजारधर्माचा एक फायदा मला आधी लक्षातच आला नव्हता : वाद्यांना पॉलिश करायला ते स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख वापरतात, आणि पत्र्याचा जो भाग आम्लापासून झाकायचा त्यावर लावायलाही तीच लाख चालते. आम्ही वाटी घेऊन जातो, तेही देतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला तेव्हा प्रदर्शनासाठी नेलेल्या माझ्या प्रती गावभागात बहिणीच्या घरी, तळमजल्यावर होत्या. एका ठशाच्या, क्रमांक घालून काढलेल्या २० पैकी ११ प्रती गेल्या. पत्रा माझ्याकडे शाबूत होता, आणि पुन्हा ११ काढून त्यांवर तेच क्रमांक घालायला मला कोणी अडवणार नव्हते. जुन्या विद्यार्थ्यांशी यावर दोन रविवार वाद झाला. एकाचे म्हणणे असे, की हरवलेल्या पोथीची नक्कल करतातच की. मी छापल्या नाहीत. वहीत त्या ११ क्रमांकांपुढे 'पुरात' असे लिहिले आहे.

आता नवी खोली आहे, हवा खेळती आहे आणि मुले मोठी झाली आहेत, म्हणून गेल्या महिन्यात मी १९९४ मध्ये आम्ल सांडल्यावर अर्धा राहिलेला पत्रा काढला. त्यावर राळेची भुकटी टाकून, खालून ऊब देऊन ती चिकटवली आणि पंचवीस-तीस वर्षांनी प्रथमच आम्लात हात घातला, अर्थात मोजे घालून. पूर्वी बुडबुड्यांकडे पाहून पत्रा केव्हा उचलायचा हे मला घड्याळाशिवाय कळत असे. या वेळी मी तसाच पाहत उभा राहिलो आणि मला काहीच कळले नाही. प्रत निघाली ती सगळी काळीच, नदी कुठे आणि घाट कुठे हे सांगता येईना. चाकापाशी उभा असलेला माझा विद्यार्थी, जो आता स्वतः दुसऱ्या गावी कलाशिक्षक आहे, कागद उजेडाला धरून म्हणाला, "सर, निदान चार मिनिटे जास्त झालीत." मग त्याने पत्रा खरवडायचे हत्यार घेतले आणि पत्र्याच्या उजव्या कोपऱ्यातला काळा भाग घासून उजळायला सुरुवात केली. आम्ही अजून तिथेच आहोत, पाणी थोडे दिसू लागले आहे.