बारा हजार फेऱ्यांवरचे चोपन्न अंश

सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आमच्या नव्या ड्राइव्हची, म्हणजे मोटरला हव्या त्या वेगाने फिरवणाऱ्या विद्युत नियंत्रकाची, चाचणी चालू होती. कायमचुंबकी, आठ ध्रुवांची स्पिंडल (यंत्राचा फिरता दांडा) मोटर मिनिटाला १२,००० फेऱ्यांपर्यंत न्यायची होती. पण ९,००० च्या आसपास ती घुमू लागे आणि ड्राइव्ह जादा प्रवाह दाखवून ट्रिप होई, म्हणजे आपोआप बंद पडे. तिथल्या फोरमन काकांना बेअरिंगची शंका होती आणि ती रास्तही होती. मात्र ट्रिप होताच घुमणे तत्क्षणी थांबत असे, स्पिंडल तर अजून जवळजवळ त्याच वेगाने फिरत असे. त्यामुळे दोष यांत्रिक नसून विजेच्या बाजूला आहे, हे मला पटले. प्रवाह-नियंत्रणाचे गेन, म्हणजे चुकीला प्रतिसाद देण्याची तीव्रता, कमी केल्यावर ट्रिपचा वेग थोडा वर सरकला, एवढेच.

मग आकडेमोड केली. ध्रुवांच्या चार जोड्या असल्याने १२,००० फेऱ्यांना विद्युत वारंवारता ८०० हर्ट्झ होते; ड्राइव्हची स्विचिंग (व्होल्टेज चालू-बंद करण्याची गती) ८ किलोहर्ट्झची, म्हणजे एका विद्युत आवर्तनात नियंत्रकाला जेमतेम दहा संधी मिळतात आणि प्रत्येक संधीमागे रोटर ३६ विद्युत अंश (एक विद्युत आवर्तन म्हणजे ३६०) पुढे गेलेला असतो. प्रवाह मोजून, गणित करून व्होल्टेज मोटरवर पोहोचेपर्यंत स्विचिंगचा साधारण दीड आवर्तकाल जातो, म्हणजे ५४ अंश. १,५०० फेऱ्यांना हीच चूक सात अंशांहून कमी असते, म्हणून टेबलावरच्या चाचणीत ती कुणालाच दिसली नव्हती. चुंबकीय अक्षावरचा प्रवाह आणि बलनिर्मितीचा प्रवाह वेगवेगळे सांभाळणे हा या नियंत्रणाचा गाभा आहे. कोन इतका चुकला की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि डोलू लागतात.

व्होल्टेजचा कोन वेगाच्या प्रमाणात दीड आवर्तकालाइतका पुढे ढकलल्यावर ९,००० वर दोन्ही प्रवाहांच्या रेषा ऑसिलोस्कोपवर सरळ झाल्या. काकांनी स्पिंडलच्या कवचावर तळहात ठेवून मान डोलावली, ती पावती मला मोलाची वाटते.

तरीही लगेच १२,००० वर जाण्यास मी नकार दिला. ७,५०० नंतर चुंबकीय अक्षावर ऋण प्रवाह देऊन चुंबकांचे क्षेत्र क्षीण करूनच ही मोटर धावते. सर्वोच्च वेगात ड्राइव्ह बंद पडला, तर ते क्षीण करणे थांबते आणि फिरत्या मोटरमध्ये निर्माण होणारे उलट व्होल्टेज डीसी बसला (ड्राइव्हमधल्या एकदिश पुरवठ्याला) ५८७ वरून ९४० व्होल्टच्या आसपास चढवू शकते, आणि त्यावरचे आमचे कपॅसिटर ८०० व्होल्टचे होते. म्हणून अशा ट्रिपमध्ये खालचे तिन्ही आयजीबीटी (ड्राइव्हमधले इलेक्ट्रॉनिक स्विच) एकदम चालू करून मोटरची टोके आपसात जोडण्याची तरतूद आधी घातली, कमी वेगावर तपासली, आणि मगच वेग टप्प्याटप्प्याने वाढवला.