चावी काढली तरी गाडीतला रेडिओ सुरूच

मागच्या रविवारी रात्री साडेअकराला समोरच्या काकूंचा फोन आला. "अरे, तुमच्या गाडीतून केव्हाचे गाणे वाजून राहिले न, पाहून घे एकदा." खाली गेलो तर दारं लॉक, काचा वर, चावी घरात खुंटीला आणि आत स्टिरिओची स्क्रीन लख्ख सुरू, विविध भारती लागलेली, १००.६. संध्याकाळी रस्त्याच्या आवाजात कोणाला कळलं नसेल, रात्री आमचं नागपूरचं मनीषनगर शांत झाल्यावर ऐकू आलं.

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "हो, आज बटण दाबायचं राहून गेलं वाटते." कोणतं बटण? तर दिवाळीत तो नवीन टचस्क्रीनवाला स्टिरिओ बसवला तेव्हापासून चावी काढली तरी तो बंदच होत नव्हता, आणि बाबा रोज उतरताना स्क्रीनच्या बाजूचं बटण दाबून बंद करायचे. त्यांना वाटलं नवीन मॉडेल असंच असतं. मी पुण्याहून दोन महिन्यांतून एकदा घरी येतो, मला हे कोणी सांगितलंच नाही कारण त्यांच्या लेखी तो बिघाडच नव्हता.

मला मात्र एकदम मार्च महिना आठवला. मार्चमध्ये बॅटरी गेली, नवीन टाकली. मग जूनमध्ये एका सकाळी आईला रामदासपेठेत डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि गाडी सेल्फच घेईना, ६८ वर्षांच्या माणसाने शेजारच्या पोराला घेऊन धक्का मारला. तेव्हा सगळ्यांनी ऊन ऊन केलं. नागपूरचं ऊन बॅटरी खातं हे खरंच आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आतलं पाणी उडतं, प्लेटा लवकर झिजतात. पण तीन महिन्यांची बॅटरी? हे मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.

तर सोमवारी सुट्टी टाकली, बर्डीच्या बाजारातून व्होल्ट आणि करंट मोजायचा साधा मल्टीमीटर आणला आणि बसलो.

आधी सोपं ते पाहिलं. काही गाड्यांत चावी काढल्यावरही रेडिओ थोडा वेळ चालू राहतो आणि दार उघडलं की बंद होतो, ती सोय असते, बिघाड नाही. आमच्यात चारही दारं उघडून झाली, पंधरा मिनिटं थांबलो, काही नाही. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये चावी काढल्यावर किती वेळाने बंद व्हायचं असा एक ऑप्शन असतो तोही पाहिला, रिसेट मारलं, तेच.

मग मीटर. इथे एक नीट समजून घ्या कारण सगळा खेळ यातच आहे. स्टिरिओला करंटच्या दोन वायरी जातात. पिवळी वायर थेट बॅटरीची, तिच्यात कायम १२ व्होल्ट, घड्याळ आणि सेव्ह केलेले स्टेशन तिच्यावर टिकतात. लाल वायर चावीची, म्हणजे एसीसी, चावी फिरवली की तिच्यात करंट आणि काढली की शून्य. स्टिरिओला झोपायचं केव्हा हे फक्त लाल वायरवरून कळतं. काळी अर्थिंगची. बाकीच्या निळ्या, नारिंगी, स्पीकरच्या वगैरे इथे महत्त्वाच्या नाहीत. फ्रेम काढून स्टिरिओ बाहेर ओढला, चावी खिशात ठेवून पिवळीवर मीटरची सुई (प्रोब) लावली, १२.३. लालवर लावली, तिथेही १२.३. म्हणजे बिचाऱ्या स्टिरिओला चोवीस तास वाटून राहिलं की मालक गाडीतच बसला आहे.

आता लालमध्ये करंट येतो कुठून? एक तर इग्निशन स्विच आतून चिकटला असेल, किंवा वायरिंगमध्ये कोणी काही केलं असेल. ओळखायचं सोपं आहे, चावीवर चालणारी दुसरी एखादी वस्तू बघायची. आमच्या गाडीत मोबाईल चार्जरचं सॉकेट चावीवरच आहे, चावी काढून तपासलं तर बंद. म्हणजे स्विच बरोबर, घोळ वायरीत. काळी टेप सोडवत गेलो आणि सापडलं, लाल आणि पिवळी दोन्ही एकत्र पिळून गाडीच्या कायमच्या करंटला जोडलेल्या, वर टेप. गाडीची मूळ एसीसी वायर बाजूला तशीच लटकत होती.

मला खूप राग आला, आत्ताही लिहिताना येतोय. कारण हे चुकून होत नाही. ज्याने जोडलं त्याला माहीत होतं की पिवळी वेगळी आणि लाल वेगळी का असते.

पण त्याने असं का केलं असेल हा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून ती लटकणारी एसीसी वायर तपासली, चावी फिरवली, शून्य व्होल्ट. चार्जरचं सॉकेटही परत पाहिलं, चावी फिरवूनसुद्धा मेलेलंच! म्हणजे माझी मघाची परीक्षा अर्धीच होती, सॉकेट चावी काढल्यावर बंद होतं कारण ते कायमच बंद होतं. डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स उघडला तर रेडिओ आणि सॉकेटचा एकच फ्यूज, निळा, १५ अँपिअरचा, आतली तार तुटलेली. आणि सॉकेटच्या तळाशी टॉर्च मारला तर एक रुपयाचं नाणं आडवं पडलेलं. नाण्याने शॉर्ट झालं, फ्यूज गेला, दिवाळीत स्टिरिओ बसवणाऱ्याला लाल वायरीत करंट मिळाला नाही आणि त्याने दहा रुपयांचा फ्यूज शोधण्याऐवजी दोन वायरी पिळल्या.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली (ही सवय लावाच), नाणं प्लास्टिकच्या चिमट्याने काढलं, लाल आणि पिवळी वेगळी करून लाल मूळ एसीसीला जोडली, नवीन फ्यूजही १५ चाच टाकला. उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणारे लोक पाहिलेत, तसं अजिबात करू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते.

किती करंट जात होता तेही मोजून ठेवलं होतं. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, निगेटिव्ह टर्मिनल काढून त्याच्या आणि बॅटरीच्या मध्ये मीटर, सगळं बंद करून वीस मिनिटं वाट पाहायची, आणि मीटर लागलेला असताना सेल्फ मारायचा नाही. आधी बाबांचं बटण दाबून स्क्रीन काळी केलेली असतानाही ०.६२ अँपिअर जात होते, कारण बटणाने फक्त स्क्रीन आणि आवाज जातो, आतला कॉम्प्युटर जागाच राहतो. आमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची (ही तिची साठवण), म्हणजे गाडी सव्वा दिवस नुसती उभी राहिली की अर्धी खाली. गाडीची बॅटरी अशी वारंवार खाली होण्यासाठी बनलेलीच नसते, प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती कायमची कमजोर होते. जोडणी नीट केल्यावर तोच आकडा ०.०३, साधारण ०.०५ च्या आत असला की ठीक समजायचं.

तुमच्याकडे दिवाळीत किंवा केव्हाही बाहेरचा स्टिरिओ बसवला असेल तर आज रात्री गाडी बंद करून, चावी काढून, दोन मिनिटं आत बसून बघा. घरी आईवडील गाडी चालवत असतील तर त्यांना फोन करून विचारा, उतरताना काही वेगळं बटण दाबावं लागतं का.

संध्याकाळी बाबांना खाली नेलं. त्यांनी चावी काढली, स्क्रीन आपोआप काळी झाली, त्यांचं बोट तरी सवयीने बटणाकडे गेलंच. मग चार्जर लावून पाहिला, तोही चालू. घरी येऊन त्यांनी ड्रॉवर उघडला, त्यात मागच्या वर्षभरात खराब झाले म्हणून ठेवलेले दोन कार चार्जर होते. दोन्ही चांगले निघाले.