सोलापुरात माइल्ड बियर शोधताना

मे महिन्यात, पारा ४३ अंशांना टेकलेला असताना आणि ताटात शेंगा चटणी असताना आठ टक्के अल्कोहोलची, म्हणजे स्ट्राँग बियर पिऊ नये, माइल्ड प्यावी. माझं हे मत सोलापुरात पक्कं झालं. त्या शहरात माझ्या या मताला दुकानांच्या फ्रिजमध्ये जागा नाही, म्हणून हे लिहितोय.

पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं रात्री उतरलो. दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराचं दर्शन, तलाव आणि भुईकोट किल्ला हे सगळं सकाळी दहाच्या आत उरकलं, कारण नंतर रस्त्यावर उभं राहवत नाही. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी मात्र थांबलो. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्याच्या आदल्या मे महिन्यात सोलापूरकर शिंदीची, म्हणजे ज्यांच्या रसाची दारू होते ती झाडं तोडायला निघाले होते, गोळीबार झाला, शहर पेटलं आणि इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. संध्याकाळी बियर चाखायचा बेत असलेल्या माणसानं हे माहीत करून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

बेत साधा होता. माझा मित्र पूर्व भागात राहतो, घरचे यंत्रमाग आहेत, घरात तेलुगू बोलतात. दोघांनी ठरवलं की महागडी क्राफ्ट बियर वगैरे नको. आपल्याकडच्या नेहमीच्या, दोनशेच्या आसपास मिळणाऱ्या बाटल्या घ्यायच्या, त्याही एकाच कंपनीच्या, म्हणजे तुलना न्याय्य होईल. युनायटेड ब्रुअरीजची निवड केली. मूळ १९१५ सालची कंपनी, तळोज्याला कारखाना, आता हायनेकेनच्या ताब्यात. किंगफिशर आणि लंडन पिल्सनर, दोन्हींची स्ट्राँग आणि माइल्ड अशी जोडी हवी होती.

स्ट्राँग पहिल्याच बियर शॉपीत मिळाली. माइल्ड मागितल्यावर काउंटरवरच्या माणसानं मान हलवली.

"माइल्ड ठेवतच नाही मालक. कोण पितंय इकडं?"

"एखादी तरी असेल?"

"लेडीजसाठी पायजे का?"

मित्र भडकला. "का बे, माइल्ड काय फक्त लेडीजनीच प्यायची का?" माणूस ओशाळला नाही, रागावलाही नाही. त्याचं गणित सरळ होतं. दहा-वीस रुपये जास्त टाकले की गिऱ्हाईकाला पाचाऐवजी आठ टक्के मिळतात, मग माइल्डवर फ्रिजची जागा कशाला अडवायची? दुसऱ्या दुकानात हेच, तिसऱ्यातही हेच. एका ठिकाणी काचेच्या शोकेसमध्ये माइल्डची बाटली दिसली, पण तिच्यावर ऊन पडत होतं आणि तारीख पाच महिन्यांपूर्वीची होती. नाही घेतली. उजेडानं हॉप्समधल्या, म्हणजे बियरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधल्या, कडू द्रव्याचं विघटन होऊन बियरला उग्र दुर्गंध येतो, आणि उष्णतेत पडून राहिलेल्या बियरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाटलीवरची तारीख किमतीच्याही आधी बघावी.

या फिरण्याचा मला खरंच राग आला. पिणाऱ्यांचा राग नव्हता. दिवसभर मागावर उभं राहून घरी जाणाऱ्या माणसानं कमी पैशात जास्त नशा बघितली तर त्याला काय म्हणायचं? राग याचा होता, की चव हा मुद्दाच कुणाच्या बोलण्यात नव्हता. बियर म्हणजे टक्के, बास. मित्रही कंटाळला होता. "सोड की बे, स्ट्राँग घेऊ अन् बर्फ टाकू." मी ऐकलं नाही. शेवटी सात रस्त्याच्या पुढे एका दुकानात दोन्ही माइल्ड मिळाल्या, फ्रिजच्या अगदी मागच्या रांगेत, तारीख ताजी. दुकानदार म्हणाला, "बरं झालं घेतलंत."

रात्री गच्चीवर बसलो. खाली माग चालू होते, त्यांची खडखड गच्चीपर्यंत येत होती. मित्राच्या आईला, अम्मांना, सगळं ठाऊक होतं. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा त्यांनीच वर पाठवला, "उपाशीपोटी पिऊ नका" एवढं बजावून. ही चटणी उखळात कुटलेली होती. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ, तेल सुटेपर्यंत कुटलेलं. असं आदरातिथ्य मला कुठल्याच हॉटेलात मिळालेलं नाही.

चव बदलताना ग्लास विसळायला मी पाणी मागितलं. मित्र म्हणाला, "वेगळे ग्लास आणतो. नळ अजून दोन दिवसांनी येणारेय." उजनीचं पाणी या शहराला रोज मिळत नाही, खाली जिन्याजवळ पिंपं ओळीनं भरून ठेवलेली मी पाहिली होती. एक लिटर बियर करायला कित्येक लिटर पाणी लागतं. राज्यातले बियरचे बरेच कारखाने छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला, म्हणजे दुष्काळी टापूतच आहेत. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्के कापायला लावलं होतं. त्या गच्चीवर मला ते आदेश अगदी योग्य वाटले. बाटलीतला एक घोटही टाकायचा नाही, असं आम्ही ठरवलं.

आता गुण, दहापैकी. आधी नुसती बियर, मग चटणीसोबत.

किंगफिशर स्ट्राँग नुसती प्यायला बरी. पहिला घोट गोडसर, मग घशात ऊब. जास्त अल्कोहोल हवं तर यीस्टला जास्त साखर पुरवावी लागते, आणि त्या प्रकारात हॉप्सचा कडूपणा मागे पडतो. नुसती ६, चटणीसोबत ४. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, जीभ दुप्पट पोळली. लंडन पिल्सनर स्ट्राँग थोडी कोरडी वाटली, म्हणून नुसती साडेसहा, पण चटणीपुढे तीही ४ वर आली. मित्राला हे पटलं नाही, त्यानं दोन्हींना ७ दिले.

मग माइल्ड उघडल्या. लंडन पिल्सनर माइल्ड हलकी, स्वच्छ, शेवटी किंचित कडू. नुसती प्यायला पातळच, ६ च्या वर नाही देणार. चटणीचा घास खाऊन प्यायलो आणि तिला ८ दिले. शेंगदाण्याचा तेलकटपणा धुऊन निघाला, लसूण तेवढा मागे राहिला. किंगफिशरची माइल्ड म्हणजे प्रीमियम, तिला धान्याचा वास जास्त, फेसही टिकला. चटणीसोबत साडेआठ. मित्र काही बोलला नाही. त्यानं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला, चटणी लावली, प्रीमियमचा मोठा घोट घेतला आणि परत ग्लास भरला. नंतर म्हणाला, "जेवणासोबत हीच पायजे, बे." स्ट्राँगचे ७ मात्र त्यानं कमी केले नाहीत.

दुसरा दिवस चादरी घेण्यात आणि झोपण्यात गेला. संध्याकाळी गाडी गाठायच्या आधी मी हट्टानं पहिल्या बियर शॉपीत गेलो आणि माइल्डची एक पेटी मागवा म्हणून सांगितलं.

"मागवतो की," तो माणूस म्हणाला, "पण तुम्ही पुण्याला जाणार. नेणार कोण?"

"मी नेतो," मित्र म्हणाला. "शनिवारी दोन काढून ठेव. मागं नको, पुढं ठेव."