सोडा ब्लास्टर फुसफुसतोय? आधी वारं बघा

चेतकचं इंजिन उघडलं की अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगवर वर्षानुवर्षांचा काळा थर दिसतो. ब्रश घासून तो निघत नाही आणि पॉलिश पेपर लावला तर ओरखडे राहतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हवेच्या जोराने काचेचे बारीक मणी मारून केसिंग चकाचक करून देणारे आहेत, काम झकास करतात. पण मणी टणक. बेअरिंगच्या बसक्यात किंवा एखाद्या आडव्या भोकात एक जरी अडकून राहिला आणि इंजिन बांधल्यावर सुटला, तर केलेल्या खर्चाचं वाटोळं. मण्यांऐवजी खायच्या सोड्याचे दाणे तसेच मारतात ते सोडा ब्लास्टिंग. सोड्याचा दाणा मऊ. मोह्सच्या मापावर त्याचा कठीणपणा अडीचच्या आसपास, म्हणजे काचेच्या निम्म्याहून कमी. शिवाय तो पाण्यात विरघळतो, लिटरभर साध्या पाण्यात ९० ग्रॅमच्या वर. केसिंगच्या पोटात राहिला तरी गरम पाण्याने धुतला की गेला. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याची १९८६च्या शंभरीआधी डागडुजी झाली, तेव्हा आतल्या तांब्यावरचं डांबर काढायला हाच सोडा मारला होता. तांबं पातळ, त्यावर वाळू मारायची सोय नव्हती.

तर मी घरी वापरण्यासाठी सायफन पद्धतीची गन मागवली, म्हणजे हवेच्या ओढीने नळीतून सोडा खेचून घेणारी. खोक्यावर लिहिलं होतं, कुठल्याही कंप्रेसरवर चालेल. चालली, पण कशी? पहिले चार-पाच सेकंद जोरात, मग फुसफुस, मग नुसतीच हवा, मध्येच सोड्याचा एक गठ्ठा भसकन बाहेर. विकणाऱ्याचं म्हणणं, गन बदलून देतो. शेजारचे अण्णा आयुष्यभर लेथवर होते. ते गॅलरीतून बघत होते.

"भावा, गन कसली बदलतोस? वारं बघ आधी, वारं."

"अण्णा, टाकीवर शंभर पीएसआय दाब दाखवतंय की."

"ते टाकीत. ट्रिगर दाबल्यावर गनपाशी किती राहतंय ते बघ."

गनच्या मुठीपाशी टी-जोड टाकून छोटा गेज बसवला. ट्रिगर दाबला की काटा सरळ चाळिशीवर. अर्धा दोष त्या पिवळ्या गुंडाळीच्या पाइपचा होता. पंक्चरवाल्याकडे असतो तसला, आतून जेमतेम ५ मिमी, आणि दोन्ही टोकांच्या कपलिंगची भोकं त्याहून बारीक. १२ मिमीचा रबरी पाइप आणि मोठ्या भोकाचं कपलिंग लावल्यावर काटा बराच वर थांबायला लागला.

उरलेला अर्धा दोष हिशेबाचा. माझा कंप्रेसर २ एचपीचा, प्रत्यक्षात मिनिटाला सहा-साडेसहा घनफूट हवा देणारा. गनमधल्या हवेच्या जेटचं भोक ३ मिमी. त्यातून ८० पीएसआयला मिनिटाला साधारण १५ घनफूट हवा जाते. म्हणजे टाकीतला साठा संपेपर्यंत मजा, पुढे बोंब. मोठा कंप्रेसर घ्यायचा तर खिसा आणि घरचं मीटर दोन्ही रडणार. अण्णांनी ओळखीच्या लेथवर २ मिमी भोकाचा पितळी जेट काढून दिला, सोडा बाहेर पडतो ते नोझलही त्या मापाने ४ मिमीचं लावलं. ६० पीएसआयला आता पाचेक घनफूट लागते. पट्टा बारीक पडतो, काम हळू होतं, पण थांबत नाही. अ‍ॅल्युमिनियमला ६० पुष्कळ झालं. जेटचं टोक नोझलच्या तोंडापासून किती आत आहे यावरही ओढ ठरते. सोड्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून ट्रिगर दाबायचा आणि जेट मागेपुढे सरकवायचा. अंगठा सर्वांत जास्त ओढला जातो तिथे चावी घट्ट करायची.

आता पाणी. खरा शत्रू हाच, आणि कोल्हापुरात जुलैत तर विचारू नका. हवा दाबली की तापते, टाकीत आणि पाइपात निवली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. बहुतेक जण हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप कंप्रेसरच्या तोंडालाच बसवतात. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात ट्रॅपमधून निघून जातं आणि पुढे गनपाशी थेंब होऊन सोड्यात उतरतं. ट्रॅप पाइपच्या शेवटाकडे बसवायचा. मी भिंतीवर जीआय पाइप वर-खाली वळवून घेतलाय, प्रत्येक वळणाच्या तळाशी एक निचऱ्याचा कॉक, आणि ट्रॅप त्या सगळ्याच्या पुढे, गनच्या बाजूला. ट्रॅपनंतर सिलिका जेलची नळकांडी. दाणे निळे असेपर्यंत काम करायचं, गुलाबी पडायला लागले की बदलायचे. टाकीखालचा कॉक तर रोजच उघडावा लागतो. पावसाळ्यात त्यातून जे तांबूस पाणी निघतं ते बघितलं की गन का तुंबते हे वेगळं विचारावं लागत नाही.

सोडा कुठला, हा पुढचा भाग. किराणा दुकानातला खायचा सोडा मैद्यासारखा बारीक. तो नळीच्या तोंडाभोवती कमान धरतो. मध्ये पोकळी होते, गन पोकळीतली हवा ओढते आणि आपण ट्रिगर दाबत बसतो. मारला गेलाच तर धूळ जास्त, मार कमी. ब्लास्टिंगसाठी जाड दाण्याचा, प्रवाही ठेवणारी पूड मिसळलेला सोडा येतो, पण तो अख्खं पोतं घ्यावा लागतो. आमच्याकडे म्हशींच्या खुराकात पोटातलं आम्ल कमी करायला सोडा घालतात. पशुखाद्याच्या दुकानातलं ते पोतं मला खायच्या सोड्यापेक्षा जाड दाण्याचं मिळालं, आणि स्वस्त. चाळणीने चाळून, झाकणाच्या डब्यात.

दमट झालेला सोडा कढईत भाजून कोरडा करा, असा सल्ला बरेच जण देतात. अजिबात करू नका. हा सोडा पन्नासेक अंशांपासूनच हळूहळू विघटित होऊ लागतो आणि तापमान वाढेल तसा भराभर धुण्याचा सोडा होतो. तो जास्त अल्कधर्मी, अ‍ॅल्युमिनियमला खाणारा. ज्यापासून केसिंग वाचवायचं तेच आपण त्यावर मारतो.

गन चालू असताना तुंबली तर उघडायची गरज नसते. जाड रबराचा तुकडा नोझलवर दाबून धरायचा (बोट नव्हे) आणि ट्रिगर अलगद दाबायचा. हवा उलटी फिरून नळीतला गठ्ठा डब्यात परत टाकते. डब्याचं झाकण तेवढं सैल ठेवा.

कॅबिनेट, म्हणजे मोज्यांतून हात घालून ब्लास्टिंग करायची बंद पेटी, तिच्याबद्दल मात्र माझं मत जरा तिखट आहे. बाजारातली छोटी कॅबिनेट मण्यांसाठी बनवलेली असतात: मणी तळाच्या हौद्यात पडतात, तिथूनच नळी ते परत ओढते. सोड्याचा दाणा एकदा आपटला की फुटून पीठ होतो. ते पीठ परत ओढलं तर गनही तुंबते आणि आत ढगही दाटतो. म्हणून मी हौद्यातली नळी काढून टाकली. नवा सोडा बाहेरच्या रंगाच्या बादलीतून येतो, आणि हौद्याचं तोंड खाली उघडं, दुसऱ्या बादलीला बांधलेलं. कॅबिनेट म्हणजे आता फक्त धूळ कोंडणारी पेटी.

धूळ ओढायला घरचा व्हॅक्यूम लावलात तर पाचव्या मिनिटाला त्याचा फिल्टर चोंदतो. मध्ये सायक्लोनची बादली लागते, हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडणारी. फिल्टरची तब्येत मला हातमोजे सांगतात. ओढ नीट असेल तर रबरी मोजे किंचित आत खेचलेले असतात. ते बाहेरच्या बाजूला फुगून फुटबॉलसारखे ताठ झाले की हवा आत साठतेय, आणि लवकरच सोडा दाराच्या फटीतून हॉलमध्ये. उलट मोजे फारच आत ओढले गेले तर ताजी हवा आत यायचं भोक लहान आहे. गनपासून पेटीला आणि पेटीपासून अर्थिंगला एक तांब्याची तार जोडा. कोरड्या दिवसांत धुळीने साठलेली वीज कोपराला चांगलीच डसते. पेटीची आत बघायची काच मात्र टिकते. सोडा काचेला ओरखडत नाही. त्याच पेटीत कुणी उत्साहाने एमरीची टणक पूड मारली तर दोन दिवसांत काच दुधी होईल.

मास्क पेटी असली तरी हवाच. सोडा फार घातक नाही, पण निघणाऱ्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. आणि स्वस्त म्हणून नदीची वाळू कुणी सुचवली तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. त्या धुळीने सिलिकोसिस होतो.

सुटा भाग आत घेण्याआधी रॉकेल आणि मग साबण, हे चुकवायचं नाही. ग्रीसवर सोडा मारला की नुसतं लाह्याचं पीठ कालवल्यागत होतं. कार्बोरेटरचे जेट, सुई, फ्लोट काढून ठेवायचे, गन तिरकी धरायची, सरळ नाही. काळा थर कडेने सुटायला लागतो आणि खालून ओतीव धातूची खरखरीत, मंद राखाडी पाठ जशीच्या तशी निघते, साच्याच्या जोडाची बारीक रेघसुद्धा. मग गरम पाणी, प्रत्येक भोकातून हवा. ज्या भागाला रंग द्यायचा तो पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसायचा आणि पुन्हा धुवायचा, नाहीतर उरलेल्या सोड्यावर रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात.

वापरलेला सोडा कुंड्यांत टाकू नये, झाडं करपतात. आमच्या घरी हा नियम माझ्या आईने तुळशीजवळ उभं राहून जाहीर केलाय.

गंज मात्र सोड्याने निघत नाही, कितीही मारा. चेतकची चाकं आणि हँडलचा दांडा तसेच पडून आहेत. ते उद्यमनगरातच जातील.